एक शीळ घालतो, एक गप्प येते

६ मे, सोमवार

आज परत शीळ घातली मेल्यानं. पहाटे, उजाडायच्या आधी. मी नळाला पाणी आलं का बघायला उठले होते. इथं दिवसभर पाणी असतं, पण दिवा स्टेशनजवळच्या चाळीत वीस वर्षं काढली, ती सवय काही जात नाही. तर मागच्या बाजूनं, माझ्या बाल्कनीच्या अगदी खालून शीळ. सरळ शीळ नाही बरं का. लाडात आल्यासारखी वर चढते, मध्येच घसरते, परत चढते. मी लाइट लावला की बंद, घालवला की सुरू. माझं वय काय, ह्याची अक्कल काय!

डॉक्टर म्हणाले, झोप लागत नसेल तर मनात येईल ते लिहून काढत जा. साईनाथच्या कंपनीची कोरी डायरी पडली होती, ती घेतली. मनात काय आहे? शीळ आहे.

बाकी लिहायचं तर, मी मालन. मुलानं ठाण्याला येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी हा फ्लॅट घेतला. "आई, बघ, खिडकीत डोंगर," म्हणाला. डोंगर दाखवला आणि स्वतः रुचिताला घेऊन बंगळूरला गेला, कंपनीनं पाठवलं म्हणून. माझे मालक वारले त्याला तीन वर्षं झाली. त्यामुळे खिडकीत डोंगर आहे आणि डोंगराकडे बघायला मी आहे. दिव्याला टँकर आला की हंड्यांवरून शिव्यागाळी व्हायची, झिंज्या धरायची वेळ यायची. पण संध्याकाळी तीच बाई वाटीभर कालवण घेऊन दारात. इथं समोरच्या दारावरची पाटी मी पाठ केलीय, माणूस अजून नीट बघितलं नाही.

७ मे, मंगळवार

सेक्रेटरीकडे लेखी तक्रार दिली. "अज्ञात इसम पहाटे महिलेच्या बाल्कनीखाली शीळ घालतो." सेक्रेटरीनं रात्रपाळीच्या वॉचमनला, रतनला, बोलावलं. बिचारा कानाला हात लावायला लागला. "मावशी, आईशप्पथ, मी गेटवरून हललेलो नाय. शीळ मीपण ऐकलेली, मला वाटलं तुमच्याकडचाच कुणी पाहुणा."

माझ्याकडचा पाहुणा! वर्ष झालं, माझ्याकडे गॅसवाल्याशिवाय कोण आलंय?

१० मे, शुक्रवार

अक्षय्य तृतीया. आमच्याकडे आज पितरांना पान ठेवतात. ह्यांच्या नावानं आमरस-पुरणपोळी केली, पान वाढलं. मग एकटीनं जेवायला बसले आणि घासच उतरेना. ताट तसंच झाकून ठेवलं.

आणि दुपारी बाल्कनीत धुणं काढायला गेले तर कूलरच्या रिकाम्या खोक्यात काहीतरी हललं. मला वाटलं घूस. वाकून बघते तर पिल्लू! मांजराचं. माझ्या ओंजळीत मावेल एवढं. विटकरी-राखाडी रंग, पाठीवर तांबूस ठिपक्यांच्या ओळी, कपाळावर पांढरे पट्टे उभे ओढल्यासारखे, डोळे तर केवढाले! मला बघून फिस्कारलं. एवढासा जीव, पण मिजास बघा.

आजूबाजूला आई कुठं दिसली नाही. टाकून गेली असणार. आजच्या दिवशी दारात येतं ते अक्षय्य असतं, आमची सासू म्हणायची, आखितीला आलेलं घर सोडून जात नाही. मी पदरात घेतलं. बोटाला चावलं, रक्त काढलं. नाव ठेवलं अक्षू.

संध्याकाळी झाकलेलं ताट काढलं आणि सगळं जेवले.

११ मे, शनिवार

अक्षूला दूध पचत नाही. दोनदा घाण केली. गोदाला विचारलं. गोदा म्हणजे तळमजल्यावरची म्हातारी. ही बिल्डिंग जिच्यावर उभी आहे ती शेतं तिच्या सासऱ्याची. अजून रोज सकाळी कंपाउंडात फिरताना इथं आमची खाचरं होती, इथं खळं होतं, असं पार्किंगमधल्या गाड्यांना सांगते. या बिल्डिंगीत माझ्याशी आपणहून बोलणारी ती एकटीच.

"दूध कनाला देतंस गो? मासली दे उकडून," म्हणाली. वर म्हणते, "मांजरीन पोरां सात घरां फिरवतं. एका घरात ठेवतं, दुसऱ्याला आनायला जातं. तू मधीच उचललास काय?"

मी म्हटलं, मावशी, रात्रभर वाट बघितली, कुणी आलं नाही. हे काही खरं नव्हतं. रात्रभर बाल्कनीचं दार मी घट्ट लावून घेतलं होतं.

संध्याकाळी दिवेलागणीला बाल्कनीला टेकलेल्या जांभळाच्या फांदीवरून एक मांजर बाल्कनीच्या कठड्यावर उतरलं. बोकाच असणार. बोके पिल्लं मारतात, लहानपणी आमच्या गोठ्यात डोळ्यांनी बघितलंय. तसा अंगानं बारका होता, आपल्या मांजरापेक्षा लहानच, पण नजर वाईट. खोक्याच्या जागेकडे टक लावून बसला. मी तांब्याभर पाणी फेकलं. गेला.

१२ मे, रविवार

सकाळी बेल वाजली. पदर सावरत धावले, कोण आलं असेल? ॲपवाला पोऱ्या. केक. वर लिहिलेलं, "हॅपी मदर्स डे, आई. साई-रुचिता." माझ्या आवडीचा अननसाचा बघून पाठवलाय, पोरगा विसरत नाही. नंतर फोनपण आला. "केक मिळाला ना? छान आहे ना? अगं, आम्ही जरा बाहेर पडतोय, रात्री करतो." रात्री केला नाही. दमला असेल.

एवढा केक एकटी काय करू? अर्धा रतनला दिला. शिळेचं प्रायश्चित्त म्हणा. तो म्हणाला, "मावशी, बड्डे आहे का?" मी म्हटलं हो. काय सांगत बसायचं?

बोका आज परत आला. निर्लज्ज. बरोबर त्याच वेळेला, त्याच फांदीवरून. ओरडत नाही, गुरगुरत नाही, नुसता बसून राहतो. ह्या वेळी काठी आपटली. फांदीवर गेला, पण तिथंच बसला. अंधार पडल्यावर कधी गेला कळलं नाही. आत अक्षू चुंई चुंई करून दाराशी धावत होतं. घाबरलं असणार बिचारं. मी उचलून पोटाशी धरलं, "मी आहे ना" म्हटलं, तरी ऐकेना.

१४ मे, मंगळवार

अक्षूनं आज उकडलेलं चिकन मटामटा खाल्लं. मंगळवारी माझ्या घरात चिकन शिजलं, देवानं माफ करावं. मग सोफ्याच्या पाठीवरून पडद्यावर, पडद्यावरून फ्रिजवर. झाडावर असल्यासारखं फिरतं. मी हसले. माझाच आवाज मला परका वाटला. किती दिवसांनी या घरात कुणी हसलं!

साईला सांगितलं नाही. नको म्हणेल. रुचिताला मांजरांचं वावडं आहे. त्यांना कुठं इथं यायचंय म्हणा.

बोक्याचा आज कायमचा बंदोबस्त केला. पाण्यात लाल तिखट कालवून ठेवलं होतं. आला तसा पुरा तांब्या तोंडावर. डोळे मिटून, मान झटकत, धडपडत फांदीवर गेला, घसरला, परत चढला. एवढं झालं तरी तोंडातून आवाज नाही. आता येणार नाही परत. माझ्या लेकराकडे वाकडा डोळा करतोस काय?

१५ मे, बुधवार

आज मला माणसांत तोंड दाखवायला जागा राहिली नाही. सविस्तर लिहिते.

सेक्रेटरीनं माझी तक्रार बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकली होती. ती वाचून चौथ्या मजल्यावरची ऐश्वर्या आली. कॉलेज संपवून कुठंशी नोकरी करते, आणि सुट्टीला गळ्यात दुर्बीण अडकवून येऊरला पाखरं बघत हिंडते. दारात उभी राहून हसू दाबत म्हणाली, "काकू, तुमच्या इसमाचा पत्ता लागलाय. तुम्ही रागावणार नसाल तर ऐकवते."

मोबाइलवर तीच शीळ. तीच लाडीगोडी, तीच घसरण. माझे कान गरम झाले.

"शीळकरी कस्तूर आहे हा, काकू. पक्षी. निळसर काळा, खांद्यावर चमकता निळा पट्टा. मागच्या ओढ्यात राहतो. पावसाळा जवळ आला की पहाटे असाच शीळ घालत बसतो."

"कुणाला?"

"मादीला. आणि दुसऱ्या नरांना. मी इथं आहे, ही जागा माझी, असं."

म्हणजे एका पाखराविरुद्ध मी सोसायटीत लेखी तक्रार दिली! आम्ही दोघी पोट धरून हसलो. चहा टाकला. तिनं दोन कप घेतले. मी मनात म्हटलं, अशी रोज आली तर!

आणि तेवढ्यात फ्रिजवरून अक्षू उतरलं.

पोरीचं हसू गेलं. हळूच खाली बसली, हात पुढं केला नाही. "काकू, हे कुठून आणलंत?"

"आलं. आखितीला. मांजरानं टाकलेलं."

"हे मांजर नाही, काकू. म्हणजे आपलं नाही. ही वाघाटी आहे. रानातली. जगात सगळ्यात लहान रानमांजर म्हणतात तिला. घरात ठेवता येत नाही, गुन्हा आहे. पण ते राहू दे. तिची आई हिला शोधत असेल. ती दिसली का कुठं? वाघाटीण येते, काकू, काही दिवस येत राहते. पण नंतर येणं सोडते. मग हे पिल्लू रानात जगत नाही आणि पिंजऱ्यात आयुष्य काढतं."

मी म्हटलं, कुणी आलं नाही. एक बोका तेवढा येतो, त्याला हाकललं.

तिनं उठून कठड्याकडे बघितलं. वनखात्यातल्या माणसाचा नंबर ठेवून गेली. दुर्बीणपण विसरली. नाही, विसरली नाही. टेबलावर मुद्दाम ठेवली, हे मला आता कळतंय.

१६ मे, गुरुवार

सकाळी बेल वाजली, मी दार उघडलं नाही. भोकातून बघितलं, ऐश्वर्याच होती. दोनदा वाजवून गेली.

का देऊ? टाकलं होतं, मी वाढवते. रानात काय दिवे लावणार आहे? बिबटे आहेत, कुत्री आहेत. इथं चिकन आहे, पंखा आहे, मी आहे. कायद्याला काय कळतं? माझ्या दाराची बेल दिवसात एकदा वाजत नव्हती तेव्हा कुठं होता कायदा? टाकलं होतं म्हणते, पण पहिल्या रात्री दार मीच लावून घेतलं होतं. डायरीत खोटं लिहून कुणाला फसवायचं?

संध्याकाळी दार लावून आत बसले. बोका येणार नाही अशी खात्री होती. आला. काचेतून दिसला. कठड्यावर नाही, लांब फांदीवरच. एक डोळा अर्धवट मिटलेला.

दुर्बीण डोळ्याला लावली. मला ती नीट धरता येईना, आधी नुसती पानंच दिसली. मग तो दिसला. कपाळावर उभे पांढरे पट्टे. अंगावर तांबूस ठिपके, ओळीत. आणि तो अंग चाटायला वळला तेव्हा पोट दिसलं. पोटावरचे केस झडलेले, सड ओढल्यासारखे, लोंबलेले.

बोका नव्हता. बाईमाणूस होती. पाजणारी.

मी दुर्बीण खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसले. आत अक्षू दाराची फट हुंगत होतं. भीतीनं नाही, हे आता समजलं. वासानं.

तिच्या डोळ्यात मी तिखट टाकलं. आईच्या. मीसुद्धा आईच.

१७ मे, शुक्रवार

सकाळीच वर गेले, ऐश्वर्याच्या दारात. "घेऊन जा," एवढंच म्हटलं आणि तिथंच रडले. तिच्या आईनं आत नेऊन बसवलं, पाणी दिलं. वर्षभरात पहिल्यांदा ह्या बिल्डिंगीत दुसऱ्याच्या घरात बसले, आणि ते असं.

वनखात्याचे सर्वेश म्हणून एक जण आले, बरोबर जनावरांचे डॉक्टर. मला वाटलं, बोलतील, केस करतील. नुसतं म्हणाले, "मावशी, लगेच सांगितलंत ते बरं झालं." मी लगेच सांगितलेलं नाही, हे त्यांना सांगितलं. तिखटाचंही सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "मग ती बिचकली असेल. तीन संध्याकाळी बघू. नाही आली तर पिल्लाला वनखात्याच्या प्राण्यांच्या सेंटरला न्यावं लागेल."

भोकं पाडलेल्या क्रेटमध्ये अक्षूला घालून बाल्कनीत, त्याच जागी ठेवलं. कॅमेरा लावला. घरातले सगळे लाइट बंद. मला गोदाकडे जाऊन बसायला सांगितलं, माझा वाससुद्धा नको म्हणे.

नाही आली. अक्षूला रात्री सर्वेश घेऊन गेले, उद्या परत आणणार.

१८ मे, शनिवार

फांदीपर्यंत आली, कॅमेऱ्यात दिसली. अक्षू चुंई चुंई करत होतं. तिनं कठड्यावर एक पाय ठेवला आणि काढून घेतला. त्याच कठड्यावर तिखट पडलं होतं. मी दुपारी तीनदा घासून धुतला होता, पण तिच्या नाकापुढं माझं धुणं काय कामाचं?

गोदाकडे अंधारात बसलो होतो. गोदानं माझा हात धरला, सोडलाच नाही.

मी म्हटलं, "मावशी, बघा ना. ते पाखरू रोज पहाटे साऱ्या बिल्डिंगीला ओरडून सांगतं, मी इथं आहे. दिसत नाही कुणाला, पण ठाऊक सगळ्यांना. आणि ही रोज समोर येऊन बसली, एक आवाज केला नाही, तर हिला कुणी ओळखलंच नाही. ज्यानं माझं काही वाकडं केलं नाही त्याच्यावर मी तक्रार दिली. आणि जिचं पोर मी उचललं, तिनं तक्रार कुठं द्यायची?"

गोदा म्हणाली, "तिना बोलायला पायजेल होता."

"रानातली जात, मावशी. बोललं की मोठं जनावर येतं. गप्प राहूनच जगतात ती."

"तुना कोन खातंय गो?" गोदा म्हणाली.

मी हसण्यावारी नेलं. पण नंतर वर येऊन अंथरुणावर पडल्यावर तेच डोक्यात होतं. मी साईला कधी काही सांगितलं? "कशी आहेस?" "मजेत." "करमतं ना?" "डोंगर आहे की." रविवारच्या रविवारी हेच. दिव्याला पाण्यासाठी तोंड फोडून भांडणारी बाई मी, आणि पोरापुढं तोंडात मिठाची गुळणी. त्याला त्रास नको, रुचिता काय म्हणेल, नवं गाव आहे. पाखरू एवढंसं, त्याला ही भीड नाही.

१९ मे, रविवार

शेवटचा दिवस. सर्वेशनी क्रेट बाल्कनीच्या बाहेर फांदीला, दोरीनं घट्ट बांधला, झाकण मात्र नुसतं लोटून ठेवलं. म्हणजे तिला कठड्यावर उतरायलाच नको. क्रेट बांधण्याआधी पिल्लाला एकदा बघू दिलं. हात लावायचा नाही. मी लावला नाही. अक्षू माझ्याकडे बघून फिस्कारलं, पहिल्या दिवशीसारखंच. इतक्या दिवसांचं चिकन, पडदे, सोफा, सगळं पाण्यात. इतकं रडू आलं आणि इतकं बरं वाटलं.

साईचा फोन आला तेव्हा आम्ही गोदाच्या खोलीत मोबाइलवर कॅमेरा बघत होतो. मी उचलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

दिवेलागण झाली. फांदी हलली. आली. थांबली. ऐश्वर्यानं माझा खांदा इतका दाबला की वळ उठलाय. वाघाटीण एक पाऊल पुढं येई, दोन मागं जाई. बिल्डिंगीत कुणाचा तरी कुकर वाजला आणि ती वर पळाली. संपलं, असं मला वाटलं. मी डोळे मिटून घेतले.

"काकू, बघा," ऐश्वर्या म्हणाली.

ती झाकण सारून क्रेटमध्ये शिरली होती. अक्षूची मान तोंडात धरून बाहेर आली. एकदा, बरोबर माझ्या बाल्कनीकडे बघितलं. मग फांदीवरून फांदीवर, आणि नुसती पानं राहिली.

सर्वेशनी टाळी वाजवली. गोदानं बोटं मोडून दृष्ट काढली. मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले.

२० मे, सोमवार

सकाळपासून घर इतकं मोठं झालंय की एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला नको वाटतं. सोफ्यावर दोन केस मिळाले, झटकले नाहीत.

दुपारी साईला फोन केला. ठरल्या वारी नाही, ठरल्या वेळी नाही, ऑफिसच्या मधेच. लगेच उचलला. "आई? काय झालं? बरी आहेस ना? काल फोन पण नाही उचललास."

"बरी आहे."

"मग? मी मीटिंगमध्ये आहे गं, संध्याकाळी करू?"

बरं म्हणून ठेवणार होते. जीभ तिकडेच वळली होती. पण म्हटलं, "नको. आत्ताच ऐक. मला इथं एकटीला करमत नाही, साई. अजिबात करमत नाही. जेवण जात नाही, झोप लागत नाही, बोलायला माणूस नाही."

त्याच्याकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दार लागलं. मागच्या माणसांचे आवाज बंद झाले.

"आई, तू कधी बोलली नाहीस."

"नाही बोलले."

"कधीपासून गं?"

"तू गेलास त्या संध्याकाळपासून."

 पलीकडून त्याचा श्वास ऐकू आला, लहानपणी रडू आवरायचा तसा, नाकातून. मी फोन ठेवला नाही. त्यानंही ठेवला नाही.